टीएचएम कमी करायला रेझिन: क्लोरीनच्या आधी की नंतर?

जलकेंद्र_चालक:
धरणावरची छोटी नळयोजना, ताशी १५ घनमीटर. पावसाळ्यात पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं येतं. शेवटच्या नळावर क्लोरोफॉर्म (टीएचएम, म्हणजे क्लोरीन आणि सेंद्रिय द्रव्यापासून बनणाऱ्या ट्रायहॅलोमिथेनांपैकी एक) लिटरला ०.२६ मिग्रॅ निघालं, आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची मर्यादा ०.२. कच्च्या पाण्यात लिटरला मिग्रॅमध्ये डीओसी (विरघळलेला सेंद्रिय कार्बन) ४.८, सल्फेट १२, क्षारता ४०; यूव्ही-२५४ (अतिनील प्रकाशाचं शोषण, सेंद्रिय द्रव्याची खूण) सेंमीला ०.१७. सध्या तुरटी ३० मिग्रॅ, प्री-क्लोरीन (कच्च्या पाण्यातच टाकलेला) ५ मिग्रॅ. पुरवठादार शुद्ध पाण्याच्या टाकीनंतर १,००० लिटर ॲनायन रेझिन (पाण्यातले ऋणभारित कण धरून ठेवणारे मणी) बसवा म्हणतो. बसवावं का?

रसायनी:
त्या जागी अजिबात नको. क्लोरोफॉर्मच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे ॲनायन रेझिन त्याला धरतच नाही. ते धरतं ह्युमिक आणि फल्विक आम्लं, म्हणजे ज्यांच्यापासून टीएचएम बनतात ती. शिवाय टाकीतला मोकळा क्लोरीन रेझिनही खराब करतो. जागा एकच: वाळूच्या फिल्टरनंतर, पहिल्या क्लोरीनच्या आधी. म्हणजे प्री-क्लोरीन बंद करावाच लागेल.

जार_टेस्ट:
आणि तो आजच बंद करता येतो, रेझिनची वाट कशाला? सगळ्यात जास्त सेंद्रिय द्रव्य असलेल्या पाण्यात तुम्ही ५ मिग्रॅ क्लोरीन टाकताय. शेवाळ धरलं तर टाक्यांच्या भिंती घासून घ्या.

तुमचा सुवा (डीओसीच्या दर मिग्रॅमागे मीटरला यूव्ही शोषण) ०.१७ × १०० ÷ ४.८, म्हणजे ३.५. इतका असला की तुरटी चांगली लागू पडते. ३०, ४०, ५०, ६० मिग्रॅची जार टेस्ट (बरण्यांत वेगवेगळी मात्रा घालून तुलना) लावा, पीएच ६ ते ६.३ ठेवा, वरचं पाणी ०.४५ मायक्रॉनमधून गाळून यूव्ही मोजा. फक्त गढूळपणा बघून मात्रा ठरवली की सेंद्रिय द्रव्य तसंच पुढे जातं. ६० मिग्रॅ तुरटी साधारण ३० क्षारता खाते, तेव्हा फिल्टरनंतर चुन्याने पीएच वर आणा. शेवटच्या नळावर ०.२ मिग्रॅ मोकळा क्लोरीन मात्र राहिलाच पाहिजे. टीएचएमच्या भीतीने तो कमी करणं जास्त धोक्याचं.

रसायनी:
सहमत. त्यानंतरही आकडा वर राहिला तर ॲक्रिलिक, स्ट्राँग बेस, क्लोराइड रूपातलं रेझिन घ्या. स्टायरीनच्या साध्या जेल रेझिनमध्ये ह्युमिक अडकून बसतं, मिठाने पुरतं सुटत नाही. १,००० लिटरला ताशी १५ घनमीटर चालतं. रिजनरेशनला (भरलेलं रेझिन मिठाने पुन्हा मोकळं करायला) १६० किलो मीठ, १० टक्के द्रावण, म्हणजे सुमारे दीड हजार लिटर, पाऊण तासात सोडायचं. घाई केली की रंग आतच राहतो. कधी करायचं हे तारखेवर नको, बाहेरच्या पाण्याच्या यूव्हीवर ठरवा. सल्फेट कमी आहे हे तुमचं नशीब, तो रेझिनवरची जागा अडवतो.

काही फेऱ्यांनी मिठात १ ते २ टक्के कॉस्टिक सोडा घालून धुवा, पण मऊ पाण्यातच. कठीण पाणी वापरलं तर रेझिनवर चुना बसतो. नवं रेझिन भरपूर धुतल्याशिवाय लाइनीत जोडू नका, त्यातून अमाइन सुटतात. रिजनरेशननंतर सुरुवातीला बायकार्बोनेटही अडतं आणि पीएच पडतो, ते पाणी वेगळं काढा.

खारं_पाणी:
ते तपकिरी खारं पाणी जाणार कुठे, हे आधी ठरवा. नाल्यात सोडलं तर खालच्या विहिरी आणि शेतं खारावतील. अस्तर लावलेल्या तळ्यात वाळवायचं म्हटलं तर रिजनरेशन सगळ्यात जास्त लागतं ते पावसाळ्यात, आणि तेव्हाच काही वाळत नाही. वर छप्पर आणि संपूर्ण पावसाळ्याची साठवण, एवढं अंदाजपत्रकात धरलं नसेल तर रेझिनची ऑर्डर देऊ नका.