'सेग्रिगेशन'ला मराठीत काय म्हणायचं?

शेवंती: मुलांच्या मासिकासाठी अमेरिकेतल्या ब्राउन खटल्यावर लिहितेय. १७ मे १९५४ चा निकाल, काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरल्या तो. मी 'विलगीकरण' लिहिलं तर संपादक म्हणतात कोविड आठवतो, 'वर्णभेद' करा. मला पटत नाहीये. सुचवा.

दगडफूल: विलगीकरण नको, पृथक्करणही नको, ते रसायनाच्या तासाला. सरळ सेग्रिगेशन लिहा की.

जुना भाता: सातवीतल्या पोराला काय कळणार त्यातलं? आणि 'वर्णभेद' तर नकोच, त्याने खटल्याचा गाभाच जातो. १८९६ च्या प्लेसी निकालात अमेरिकेचं सर्वोच्च कोर्ट म्हणालं होतं, काळ्या-गोऱ्यांचे रेल्वेचे डबे वेगळे पण समान असतील तर त्यात भेदभाव नाही. ब्राउन खटला जिथला, त्या टोपेका शहरात तर खालच्या कोर्टानेच धरलं होतं की दोन्हीकडच्या इमारती, शिक्षक, अभ्यासक्रम साधारण सारखे आहेत, तरी काळ्या पालकांचे वकील थरगूड मार्शल भांडले की वेगळं काढणं हीच असमानता, आणि सरन्यायाधीश वॉरन यांच्यासकट नऊच्या नऊ न्यायाधीशांनी ते मानलं. म्हणून शब्दात नुसतं 'वेगळं काढणं' हवं. 'सवत्या शाळा' कसं वाटतं? आमच्याकडे भाऊ वेगळे निघाले की सवते झाले म्हणतात.

कोरडवाहू: सवतासुभा माणूस आपल्या मर्जीने मांडतो हो. ब्राउनबरोबरच निकाल लागलेला दुसरा खटला बघा, साउथ कॅरोलायनात क्लॅरेंडन काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) गोऱ्या मुलांना बस आणि काळ्या मुलांची मैलोन्मैल पायपीट, पालकांनी आधी मागितली ती फक्त एक बस. यात मर्जी कुणाची?

नर्मदाकाठ: आमची आजी 'पंक्तिप्रपंच' म्हणायची, तो का नको?

जुना भाता: तो एकाच पंगतीत एकाला तूप जास्त, दुसऱ्याला कमी. इथे पंगतच वेगळी.

कोरडवाहू: वेगळी पंगत आपल्याला नवी आहे का? बाबासाहेबांना शाळेत कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर बसायला लागायचं. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं त्यातही अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतलं साम्य मांडलंय. 'वेगळं बसवणं' म्हणा, मराठी मुलाला लगेच कळेल.

दगडफूल: मूळ लॅटिनमध्ये ग्रेक्स म्हणजे कळप, म्हणजे 'कळपातून काढणं'.

कोरडवाहू: माणसांना कळप नका म्हणू.

शेवंती: बरं, याच खटल्याच्या १९५५ च्या दुसऱ्या निकालात अंमलबजावणी 'विथ ऑल डेलिबरेट स्पीड' करा असं आहे, त्याचं काय करू?

नर्मदाकाठ: 'यथावकाश'.

जुना भाता: छे, त्यात घाई कुठेय? 'विचारपूर्वक त्वरेने'.

कोरडवाहू: व्हर्जिनियात प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ पासून पाच वर्षं सरकारी शाळाच बंद ठेवल्या, पण एकत्र बसवलं नाही. 'यथावकाश'च बरोबर आहे.

जुना भाता: ते झालं पुढे काय घडलं त्याचं वर्णन. कोर्टाने जे लिहिलं त्याचं भाषांतर करायचंय.