तंजावर: एकाच गावात मुक्काम, की आजूबाजूचं सगळं एका फेरीत?

मुक्कामपोस्ट:
जानेवारीत तंजावरला चार रात्री राहून आलो. निघण्यापूर्वी ज्याला विचारावं तो म्हणे, "एक दिवस पुरे. तिरुच्चीहून टॅक्सी करा, संध्याकाळी परत." हा सल्ला चुकीचा आहे, असं माझं आता ठाम मत झालंय.

बृहदीश्वराच्या देवळाचंच बघा. तिरुच्चीहून निवांत निघालेली टॅक्सी अकराच्या सुमारास पोचते. तोवर फरसबंदी तापलेली, पाय अनवाणी. माणसं सावली बघून पळतात आणि साडेबाराला गाभारा बंद होतो तो चारपर्यंत. मी पहिल्या दिवशी उजाडता गेलो, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या खेपेला आवाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर मराठी दिसलं! तंजावरच्या मराठा सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास. आदल्या वेळी मी त्याच भिंतीजवळून सरळ पुढे गेलो होतो. परमुलखात अडखळत आपली भाषा वाचताना अंगावर काटा आला.

दुपारी राजवाडा, तिथल्या चोळ काळातल्या ब्राँझच्या मूर्ती आणि सरस्वती महाल हे जुनं ग्रंथालय. एक दुपार वीणा करणाऱ्याकडे गेली. फणसाच्या लाकडाचा ओंडका मांडीशी धरून तो आतून कोरत होता, मधेच टिचकी मारून कान लावायचा, परत दोन ढलप्या काढायचा. हे टॅक्सीतून दिसत नाही. अनोळखी गावात मुक्कामच हवा.

गाठोडं:
पटलं नाही. मला सलग चार दिवस रजा वर्षातून एकदा मिळते. सोबत ७४ वर्षांची आई. तंजावरला पुन्हा येणं होईल याची खात्री नाही. मग गंगैकोंडचोळपुरमचं देऊळ ७० किलोमीटरवर असताना सोडून द्यायचं?

आम्ही दोन दिवस गाडी केली. चोळ राजा राजराजाने तंजावरचं बृहदीश्वराचं देऊळ १०१० साली पुरं केलं, त्याच्या मुलाने, राजेंद्राने, गंगैकोंडचोळपुरमचं बांधलं. बापाचं शिखर सरळ रेषेत वर चढतं, लेकाचं आत वळत जातं. लागोपाठ पाहिली म्हणून हा फरक डोळ्यांत भरला. एकाच देवळासमोर चार दिवस बसून तो कळला नसता. दारासुरमच्या देवळात दगडी रथाच्या चाकाशी आई किती तरी वेळ उभी होती. तिचं ते बघणं मी उरकलेलं म्हणणार नाही.

पायवाट:
दिवस किती यावर भांडताय, पण दाखवणारा कोण हे जास्त महत्त्वाचं. मला पहिला गाइड भेटला त्याने सांगितलं, या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही. तेव्हा आम्ही दोघं शिखराच्याच सावलीत उभे होतो. पैसे देऊन खोटं ऐकायचं, याचा मला फार राग आला.

दुसऱ्या दिवशी एक निवृत्त शिक्षक भेटले. राजराजाने देवळात ४०० नर्तकी आणून वसवल्या, त्यांची नावं आणि घरंसुद्धा तिथल्या शिलालेखात आहेत. त्यांनी त्यातली नावं एकेक करून वाचून दाखवली. हजार वर्षांपूर्वीच्या बाईचं नाव आणि तिचं घर कुठे ते! दोन तास पुरले. ते भेटले नसते तर चार रात्री राहूनही मला नुसता दगडच दिसला असता. गाइड ठरवण्याआधी विचारा, "शिलालेख वाचून दाखवाल का?" जो टाळेल त्याला नको म्हणा.

मुक्कामपोस्ट:
@गाठोडं, शिखरांचा मुद्दा मान्य, तो फरक मी खरोखरच पाहिला नाही. पण गाडीच्या फेरीत नेमकी भर दुपार कुठल्या तरी देवळाच्या दाराशी येतेच. वयस्कर माणसाला त्या दगडावरून चालवणं मला बरोबर वाटत नाही. @पायवाट, ते शिक्षक तुम्हाला दुसऱ्या दिवशी भेटले. एका दिवसात परतला असतात तर?

पायवाट:
हे मात्र खरं.

गाठोडं:
आईला जाड मोजे घालून नेलं होतं, कुठे कुणी अडवलं नाही. तरी दुपारचं तुमचं बरोबर आहे. गंगैकोंडचोळपुरमला आम्ही बारा वाजता पोचलो आणि ती मंडपातच बसून राहिली. पुढच्या वेळी पहाटे पाचला निघू, दुपारी कुंभकोणमला जेवून खोलीवर आडवं होऊ, चारनंतर दारासुरम. पण गाडी करणारच.