मदत हवी आहे : शेकरूच्या चित्रात लाल-हिरवी संगती, अंगाचा रंग मातकट होतोय

आठवीच्या प्रकल्पाचा विषय : विरोधी रंगसंगतीत (रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग, जसे लाल-हिरवा) एक प्राणी. मुलीने शेकरू घेतलंय. पोस्टर कलर, कार्ट्रिज पेपर, ११ × १५ इंच. सावलीसाठी अंगावर हिरवा लावला की चिखल होतो. शिवाय मागची पानं इतकी भडक दिसतात की शेकरू त्यांत हरवतं. सोमवारी द्यायचंय.

रंगधानी :
पोस्टर कलर वाळला तरी पाणी लागलं की पुन्हा विरघळतो. ओला हिरवा वर घासलात की खालचा तांबडा उचलला जातो, आणि विरोधी रंग एकमेकांत मिसळले की दोघेही मरतात. म्हणून सावलीचा रंग पॅलेटवरच करा : क्रिमसन (गडद किरमिजी) तीन भाग, व्हिरिडियन (निळसर हिरवा) एक भाग. काळपट तांबडा मिळेल. काळा अजिबात नको, अंग निर्जीव दिसतं. सायीइतका दाट ठेवा, ब्रश फडक्यावर टिपा, एकदाच फिरवा आणि हात काढून घ्या.

अंगाला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) + थोडा क्रिमसन. निव्वळ व्हर्मिलियन (शेंदरी लाल) फक्त पाठीवर, उजेड पडतो तेवढ्याच जागी.

कुंचला_शून्य :
पानांचं दुखणं वेगळं आहे. मोबाइलवर चित्राचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. शेकरू आणि पानं एकाच करड्यात गेली असतील तर रंग कितीही विरोधी असोत, प्राणी उठणार नाही. उलट कडा डोळ्यांत खुपतील.

शेकरूचा तांबडा नारिंगीकडे झुकलेला असतो. त्याचा विरोधी निळसर हिरवा, पोपटी नव्हे. व्हिरिडियनमध्ये बराच पांढरा घालून पानं उजळ करा आणि त्यात ब्रशच्या टोकाएवढा बर्न्ट सिएना मिसळा, म्हणजे भडकपणा जाईल. भडक राहायचा मान एकट्या शेकरूचा. निम्मा लाल, निम्मा हिरवा अशी वाटणी करू नका. शेकरू कागदाच्या साधारण तिसऱ्या हिस्स्यात पुरे. कडा डोक्याजवळ धारदार ठेवा, शेपटीजवळ मऊ.

पोट बिस्किटी : पांढऱ्यात किंचित पिवळा आणि बर्न्ट सिएना. त्याच्या सावलीला साधा राखाडी लावा. शेजारच्या तांबड्यामुळे तो आपोआप हिरवट भासतो. वरून हिरवा घातलात तर पोटाला शेवाळ धरल्यासारखं दिसेल.

धागाकर्ती :
आभार! अर्धं चित्र रंगवून झालंय. वाचेल का, की नवा कागद घ्यायचा?

रंगधानी :
वाचेल. मातकट भाग स्वच्छ ओल्या ब्रशने भिजवा, अर्धा मिनिट थांबा, सुती फडक्याने दाबून टिपा. घासायचं नाही. असं दोनदाच करा, नंतर कागदाचे तंतू सुटतात आणि त्यावर रंग डागाळतो. पूर्ण वाळल्यावर वरची कृती. चुका झाकायला थरावर थर चढवू नका, जाड पोस्टर कलर वाळताना तडकतो. केस सगळ्यात शेवटी, शून्य नंबरच्या जवळजवळ कोरड्या ब्रशने.