मदत हवी आहे : झोंबीचं रक्त आणि आईची चादर

मंडळी, आम्ही चौघं मित्र सोलापुरात बारा मिनिटांची झोंबी कॉमेडी करतोय. बजेट सात हजार, त्यातले दोन चहा-भज्यांतच गेले. कथा साधी आहे. गड्ड्याच्या यात्रेतून परतताना एकाला झोंबी चावतो, पण त्याला माणसाच्या मेंदूपेक्षा शेंगाचटणीचीच चटक लागते.

अडचण रक्ताची आहे. बीट उकळून मैदा कालवला, तर कॅमेऱ्यात चक्क टोमॅटोचं सार दिसतं. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोने १९६८ साली 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये चॉकलेट सिरप वापरून भागवलं, पण तो सिनेमा पडला कृष्णधवल! मग साखरेच्या पाकात खायचा लाल रंग घातला. गच्चीवर दहा मिनिटांत मुंग्या. मेलेला झोंबी पाय खाजवत उठला. खरं सांगू, तोच शॉट सगळ्यात भारी झालाय. स्वस्तातल्या झोंबीपटांची गंमत मला तिथंच वाटते, सामान फसतं आणि हसू फुकट मिळतं. जपानी 'वन कट ऑफ द डेड'ने तर सुरुवातीच्या ३७ मिनिटांच्या सलग शॉटमधल्या गोंधळावरच पुढचा सिनेमा उभा केलाय.

तर मुंग्या न येणारं, घट्ट, शे-दोनशेत होणारं रक्त कसं करायचं? कुणी नाटकासाठी केलं असेल तर प्रमाणासकट सांगा.

आणि तातडीचं म्हणजे सोलापुरी चादरीवरचा लाल डाग कशानं जाईल? लिंबू-मीठ चोळून झालं, आता तो गुलाबी झालाय. आई रविवारी अक्कलकोटहून परततेय.