जॉर्ज सहावा १० रुपयांची नोट: खरी की खोटी कशी ओळखू? (नवीन आहे, मदत करा)

नोटवेडा_सातारा:
नमस्कार मंडळी. नाणी लहानपणापासून जमवतोय पण नोटांकडे वळून जेमतेम चार महिने झालेत. मागच्या रविवारी जुन्या बाजारात एकाकडून ब्रिटिश राजाची १० रुपयांची नोट घेतली, अठराशे दिले. घरी येऊन ट्यूबलाइटसमोर धरली तर वॉटरमार्क दिसतो पण तो कागदावर तेल सांडल्यासारखा वाटतोय, आणि नोट तशी जुनी मळकी असली तरी हाताला गुळगुळीतच लागते. यूट्यूबवर सगळे सांगतात की बोट फिरवा, उठाव लागला पाहिजे, धाग्याचा रंग बदलला पाहिजे, यातलं काहीच होत नाहीये. मग खोटी म्हणायची का? सुरुवात करणाऱ्याने नक्की काय काय बघायचं?

जुनीनोट_नाशिक:
भावा, ते व्हिडिओ गांधी सिरीजचे आहेत, ती सिरीज १९९६ ची. तिचे नियम १९४० च्या आसपासच्या नोटेला लावले तर खरी नोट फेकून देशील आणि खोटी जपून ठेवशील. रंग बदलणारा धागा वगैरे तेव्हा नव्हताच.

आधी वॉटरमार्क. खरा वॉटरमार्क कागद ओला असताना, तयार होतानाच त्यात बसतो, कुठे जाड कुठे पातळ, म्हणून उजेडात राजाचा गाल, कपाळ, केस यांच्यात सावली हळूहळू बदलत जाते. खोट्यात तो वरून तेलकट किंवा पांढऱ्या शाईने उमटवलेला असतो, सगळा एकाच छटेचा, आणि बऱ्याचदा उजेडात न धरता नोट नुसती तिरकी केली तरी चमकतो. तू सांगतोस ते वर्णन मला चांगलं वाटत नाही.

दुसरं, १० एक्सचं भिंग घे, दोन-तीनशेत मिळतं. बारीक रेघा बघ. खऱ्या नोटेत रेघ म्हणजे सलग एका रंगाची रेघ असते, प्रिंटरवर काढलेल्या नोटेत तीच रेघ निळ्या-गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांची दिसते. आणि एक गोष्ट हमखास बघ. पूर्वी नोटांच्या गड्ड्या स्टेपल करायचे म्हणून जुन्या नोटांना डाव्या बाजूला भोकं असतात. स्कॅन करून छापलेल्या नोटेत त्या भोकांचे, घड्यांचे, मळाचेसुद्धा फोटोच येतात, म्हणजे घडी दिसते पण तिथे कागद मोडलेला नसतो. नखाने हलकेच तपास.

आता मला दोन गोष्टी सांग: राजा बाजूला बघतोय की सरळ समोर? आणि सही कुणाची आहे?

कोकणची_पोर:
दादांनी सांगितलंय त्यात थोडी भर. यूव्ही टॉर्च घेतलास तरी एकट्या त्याच्यावर विसंबू नकोस. जुना नोटेचा कागद टॉर्चखाली मंद राहतो आणि आजचा झेरॉक्सचा कागद निळसर पांढरा उजळतो हे खरं, पण कुणी खरी नोट साबणाच्या पावडरने धुतली असेल तर तीही उजळते.

आणि नवख्या माणसाला पूर्ण खोट्या नोटेपेक्षा खऱ्या नोटेवर केलेली कारागिरी जास्त महागात पडते असं माझं ठाम मत आहे, कारण कागद खरा, वॉटरमार्क खरा, सगळ्या परीक्षा पास. मी सुरुवातीला १० ची स्टार नोट घेतली होती (नंबरात स्टार असलेल्या नोटा २००६ पासून येतात, खराब छपाईच्या जागी घालतात त्या) आणि वर्षभर अल्बममध्ये लावून ठेवली. मग एकदा टॉर्चखाली धरली तर नंबर चमकला आणि स्टार काळाच राहिला. गांधी सिरीजमध्ये नंबर चमकणाऱ्या शाईत असतो, स्टार मागाहून कुणीतरी मारला होता. फार वाईट वाटलं त्या दिवशी. ७८६ साठी एखादा आकडा खरवडून बदलतात, नंबर केमिकलने पुसून 'एरर नोट' (छपाईत चूक झालेली नोट) म्हणून विकतात, तिथे उजेड मागून टाकलास तर कागद विरलेला दिसतो.

नोटवेडा_सातारा:
आत्ता परत काढून बघितली. राजा सरळ समोर बघतोय, पूर्ण चेहरा. सही जे. बी. टेलर. मध्ये एक उभी काळी रेघ आहे, तो धागा असावा.

जुनीनोट_नाशिक:
मग सांगतो, खोटी आहे, आणि भिंगाचीही गरज नाही.

महायुद्धाच्या काळात जपान्यांनी तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर टेलर यांच्या सहीच्या १० च्या नोटांच्या फार हुबेहूब नकला केल्या होत्या, त्यामुळे रिझर्व्ह बँकेला वॉटरमार्क आणि चित्र बदलावं लागलं. बाजूला बघणारा राजा गेला, समोर बघणारा आला, आणि आपल्याकडे नोटेत सुरक्षा धागा पहिल्यांदा तेव्हाच घातला. पण टेलर १९४३ च्या फेब्रुवारीतच वारले, म्हणून समोर बघणाऱ्या राजाखाली सही सापडते ती सी. डी. देशमुखांची, आपल्या रायगडाजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. (बाजूला बघणाऱ्या राजाच्या नोटेवर दोघांच्याही सह्या मिळतात, तिथे गोंधळू नकोस.) तुझी नोट बनवणाऱ्याने चित्र एका नोटेचं आणि सही दुसरीची घेतलीये. म्हणून म्हणतो, आधी इतिहास वाच. कुठला गव्हर्नर कधी होता हे पाठ असलं की निम्म्या खोट्या नोटा दुकानातच कळतात.

विकणारा सापडला तर शांतपणे पैसे परत माग. नाही मिळाले तर मागे पेन्सिलने 'नक्कल' लिही आणि वेगळी ठेव, पुढे कुणाला विकू नकोस. आता सहा महिने महाग काही घेऊ नको. स्वस्तातल्या फाटक्या, वापरलेल्या पण शंभर टक्के खऱ्या जुन्या १-२ रुपयांच्या नोटा पाच-दहा घे आणि रोज हाताळ, उजेडात धर. मुंबईला आलास तर फोर्टात रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे, तिथे जा.

नोटवेडा_सातारा:
दादा, ताई, मनापासून आभार. भिंगाने पण बघितलं, रेघेत गुलाबी ठिपके आहेत. आणि स्टेपलची भोकं फक्त छापलेली आहेत, आरपार एकही नाही. रविवारी परत बाजारात जातोय त्या माणसाला शोधायला.