प्रोफाइल पाहून मनाचा अंदाज : तुमचे अनुभव लिहा

माझी एक जुनी मैत्रीण रोज हसरा फोटो टाकायची. मी न चुकता बदाम द्यायचे. भेटलो तेव्हा कळलं, पाच महिने तिला धड झोप नव्हती. "तू विचारलं नाहीस गं," एवढंच म्हणाली. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. कुणाच्या फोटो-स्टेटसवरून तुम्ही मनाचा अंदाज बांधलात, आणि पुढे काय निघालं? किंवा तुमच्याबद्दल कुणी बांधला असेल, तर तेही सांगा.

*

परीक्षेसाठी खातं बंद केलं, तर मावशीने आईला फोन केला, "पोराचं काही बिनसलंय का?" बिनसलं काहीच नव्हतं. तरी तिने विचारलं याचं बरं वाटलं.

*

नवरा गेल्यावर चार महिन्यांनी लेकीच्या वाढदिवसाचा फोटो टाकला. तिच्यासाठी हसले होते. नणंदेचा मेसेज आला, "सावरलीस की लवकर!" फोटो झाल्यावर मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले, ते तिला कुठून दिसणार? मग वर्षभर काही टाकलं नाही. तर तीच माणसं म्हणू लागली, "खचलीय बिचारी." त्याच वर्षी मी नोकरी धरली, गाडी शिकले, आणि पहिल्यांदा रात्रभर झोपले.

*

मी समुपदेशक आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १६६ जणांचे ४३,९५० इन्स्टाग्राम फोटो संगणकाकडून तपासले. नैराश्य असलेल्यांचे फोटो सरासरीने जास्त निळसर, करडे, काळपट निघाले. हे वाचून पालक मुलांचे फोटो घेऊन माझ्याकडे येतात. पण ही हजारो फोटोंची सरासरी आहे. एका काळ्या-पांढऱ्या फोटोवरून मुलीला आजारी ठरवू नका. मी त्यांना विचारते, तिची झोप, जेवण, बोलणं पूर्वीपेक्षा बदललंय का? पुष्कळदा याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं.

*

धाकट्या भावाचं रात्री तीनचं स्टेटस : "आता सगळ्यांना मोकळं करतो." खाली मित्रांच्या हसऱ्या इमोजी. मी फोन लावत राहिलो. तिसऱ्यांदा उचलला. "जीव द्यायचं मनात येतंय का रे?" असं सरळ विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग "हो दादा" म्हणाला. उजाडेपर्यंत फोन ठेवला नाही, सकाळी डॉक्टरांकडे नेलं. विचारल्यामुळे त्याच्या डोक्यात काही भरलं असेल का, ही भीती मी त्यांना बोलून दाखवली. तसं होत नाही, म्हणाले. उलट बोलायला वाट मिळते.