कुत्र्यांच्या आंघोळीला नैसर्गिक शॅम्पू घ्यायचाय, लेबलवर काय बघू?

डिचोलीची_न्हाणी

नमस्कार. डिचोलीला घरामागच्या खोलीत मी तीन वर्षं कुत्र्यांचं ग्रूमिंग करते. एकटीच. आठवड्याला पंचवीसेक कुत्री येतात, त्यातली निम्मी शनिवार-रविवारी. शित्झू, लॅब, गोल्डन आणि आता रस्त्यावरून घरी आणलेली गावठी कुत्रीही बरीच.

हल्ली दर दुसरं गिऱ्हाईक विचारतं, "शॅम्पू ऑरगॅनिक आहे ना?" पर्वरीहून एक बाई शित्झू घेऊन येतात, त्या तर बाटली उलटी करून मागचं सगळं वाचतात. मलाही मनापासून बदलायचंय. दिवसभर हात फेसात असतात, गेल्या पावसाळ्यापासून बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलवटतेय. शिवाय न्हाणीचं पाणी जातं ते माझ्याच माडांच्या आळ्यांत.

परवा एक विक्रेता पाच लिटरचा कॅन दाखवून गेला. १५०० रुपये. वर कडुलिंबाचं पान, कोरफडीचं चित्र, 'शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल नाही, प्रिझर्वेटिव्ह नाही'. आत काय आहे त्याची यादी कुठेच नाही. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, सगळं आयुर्वेदिकच." सासूबाई म्हणतात, विकतचं हवंय कशाला, रिठे-शिकेकाई उकळ, आम्ही जन्मभर तेच लावलं. त्यांचे केस बघितले की मला तेही पटतं.

तर, यादीत काय असावं, काय नसावं? 'ऑरगॅनिक' म्हणणाऱ्याला कोणी तपासतं का? रिठे चालतील का? पाऊस सुरू झालाय, तेव्हा जरा लवकर सांगितलंत तर बरं.

माडाखालचा_पेडणे

ताई, मी घरच्या खोबरेलाचा साबण करतो, म्हणून साबणापुरतं सांगतो. लोक माझ्याकडून 'केमिकल नसलेला' म्हणून कुत्र्यासाठी वड्या मागतात आणि मी त्यांना नको म्हणतो. खोबरेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासूनच साबण होतो. वडी महिना-दीड महिना नीट मुरली की त्यात सोडा उरत नाही, पण पीएच (आंबटपणाचं माप: सात मधोमध, खाली आंबट, वर अल्कधर्मी) नऊ-दहाच्या आसपासच राहतो. हात धुवायला उत्तम. खाऱ्या पाण्यातही त्याला फेस येतो, म्हणून किनाऱ्याकडची माणसं मे महिन्यात विहीर खारट झाली की मुद्दाम घेऊन जातात. पण दर पंधरा दिवसांनी कुत्र्याच्या अंगाला लावला तर कातडी कोरडी पडते, केस राठ होतात. माझ्या घरच्या कुत्र्यावर बघितलंय. महिन्याभरात त्याच्या पाठीवर पांढरा कोंडा धरला होता.

फोंड्याची_मावशी

बाय, तुझा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. तो 'प्रिझर्वेटिव्ह नाही'वाला कॅन घेऊ नकोस. का ते सांगते.

फोंड्यात मला हे काम करायला लागून नऊ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वीचा जुलै. आठ दिवस ऊन नव्हतं. शनिवारी सकाळी मी नेहमीसारखा दाट शॅम्पू पाण्यात कालवून सहा बाटल्या भरल्या. शॅम्पू चांगलाच होता, सौम्य, यादी छापलेला. दीड बाटली उरली ती टाकवेना, सोमवारी वापरली. सोमवारी एक लॅब आला होता, पाच वर्षांचा, गरीब स्वभावाचा, माझ्याकडे पिल्लू असल्यापासून येणारा. बुधवारी सकाळी त्याच्या घरून फोन. कुत्रा पाठीला हात लावू देत नाही, लावला की किंचाळतो, जेवत नाही, अंग तापलंय.

मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पाठीवरचे केस बोटांनी दुभागून दाखवले. कण्याच्या दोन्ही बाजूंना मानेपासून कमरेपर्यंत काळपट लाल पुळ्या, काहींतून रक्त आलेलं. वरून बघितलं तर काही दिसत नव्हतं, केस चकचकीत होते. पुळीतला नमुना तपासायला पाठवला तर त्यात स्यूडोमोनास निघाला. ओल्या जागी, नळाच्या तोटीत, बाटलीच्या बुडाशी वाढणारा जिवाणू आहे हा. आंघोळ घालताना चोळून चोळून तो केसांच्या मुळांत गेला. आंघोळीनंतर एक-दोन दिवसांत हे दुखणं उभं राहतं, डॉक्टर लोकांना चांगलं ठाऊक आहे. मलाच नव्हतं. त्या मुक्या जिवाने कितीतरी आठवडे गोळ्या खाल्ल्या. बिल मी भरलं, पण त्याच्या किंचाळण्याची अजून आठवण येते.

घरी येऊन उरलेल्या बाटलीचा पंप काढला. नळीच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर होता, नखाने खरवडला की निघणारा.

तेव्हापासून पाण्यात कालवलेला शॅम्पू संध्याकाळी ओतून टाकते, कितीही महाग असो. कालवते तोही तीन-चार कुत्र्यांपुरताच. बाटल्यांचे दोन संच केलेत. एक वापरात, दुसरा गरम पाण्याने धुऊन पंख्याखाली उपडा, कारण आपल्या पावसात उन्हाची वाट बघत बसता येत नाही. पंपाच्या बाटल्या बंदच, रुंद तोंडाच्या घेतल्या, ज्यात हात घालून घासता येतं. आणि कातडीवर शॅम्पू केसांच्या उलट दिशेने खसाखसा चोळायचा नाही.

आता तूच विचार कर. प्रिझर्वेटिव्ह असलेल्या शॅम्पूची पाणी घातल्यावर दोन दिवसांत ही गत, तर काहीच नसलेला पाच लिटरचा कॅन, महिनाभर उघडझाक करणारा, डिचोलीच्या पावसात कसा टिकेल? ज्यात पाणी आहे त्यात काहीतरी टिकवणारं लागतंच.

रिठ्यांचंही तेच. फेस छान येतो, सॅपोनिन असतं त्यात. पण उकळलेलं पाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबतं, वास घेऊन बघ. ते आंबटसर असतं, कुत्र्याची कातडी मात्र आपल्यासारखी आंबट नसते, तिचा पीएच सातच्या आसपास असतो. आणि रिठा डोळ्यांत गेला की आग आग होते, हे तुझ्या सासूबाईंनाही विचार. शित्झूचे ते बटाट्यासारखे डोळे, त्यांत रिठा नको गं. सासूबाईंचा मान राखून सांग, माणसाच्या डोक्याला ते उत्तमच आहे.

यादी कशी वाचायची? ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहायची पद्धत आहे. पहिलं पाणी असतं, दुसऱ्या-तिसऱ्या जागी फेस करणारं. तिथे डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड दिसलं तर मला आवडतं. नारळाच्या तेलातून आणि साखरेतून होतात, सौम्य असतात, मातीत लवकर विरतात, म्हणजे तुझ्या माडांनाही बरे. पण 'नारळापासून' एवढ्यावर भुलू नकोस. सोडियम लॉरिल सल्फेटही नारळाच्या नाहीतर पामच्या तेलापासून करतात, आणि तुझ्या बोटांची कातडी काढणारं तेच असण्याचा संभव जास्त. कोरफड सुवासाच्याही खाली लिहिली असेल तर ती फक्त चित्रापुरती.

टिकवणाऱ्यांत सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट दिसली की लोक 'खाण्यातली आहेत' म्हणून खूश होतात. पण ती आंबट द्रावणात काम करतात, पीएच सातच्या आसपास जवळजवळ निकामी. म्हणून कुत्र्याच्या शॅम्पूत फिनॉक्सीइथेनॉल दिसलं तर मी घाबरत नाही. मिथाइलआयसोथायाझोलिनोन मात्र मी टाळते. त्याची ॲलर्जी पुष्कळ माणसांना होते, आणि आपले हात दिवसभर त्यातच. टी ट्री तेलही माझ्या खोलीत नाही. दाट तेल कुत्र्याच्या अंगावर पडलं तर त्याचे पाय लटपटतात, कापरं भरतं. शॅम्पूत थोडंच असतं म्हणतात, पण 'थोडं' म्हणजे किती ते बाटलीवर नसतं आणि कुत्रा अंग चाटतो.

पैशांचंही सांगते. तुझा १५०० वाला कॅन एकास चार पाण्यात कालवायचा असेल. म्हणजे कालवलेला लिटर पडला ६० रुपयांना. मी घेते तो पाच लिटर ४२०० ला, पण एकास वीस चालतो. लिटर पडतो ४० ला. कॅनची किंमत बघू नकोस, बादलीची बघ.

आणखी एक. ग्लुकोसाइडवाल्याला फेस कमी येतो, मग हात आपोआप जास्त ओततो. जाळीच्या स्पंजवर फेस काढून लाव. तुझं पाणी विहिरीचं आहे की नळाचं? आपल्या जांभ्या दगडातलं विहिरीचं पाणी मऊ असतं, शॅम्पू निघाल्यासारखा वाटतो आणि निघालेला नसतो. काखा, जांघा, शेपटीचं मूळ पुन्हा एकदा धू.

पशुवैद्य_सत्तरी

मावशींनी सांगितलेल्या दुखण्यात भर घालायला फारसं काही नाही. आंघोळीनंतर पाठ दुखणारा कुत्रा दिसला तर मालकाला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा, पुन्हा धुऊन बघू नका.

'ऑरगॅनिक' कोण तपासतं, याचं उत्तर. आपला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे आणि त्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या माणसाच्या शरीरापुरती आहे. औषधाच्या व्याख्येत जनावरं येतात, म्हणून औषधी शॅम्पू औषधात मोडतो. साधा कुत्र्याचा शॅम्पू या दोन्हींच्या मधे पडतो. 'इंडिया ऑरगॅनिक' हे चिन्ह अपेडा (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) राबवते त्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं, पण ते शेतमालाला मिळतं. कोरफड सेंद्रिय शेतातली असेल, शॅम्पू त्यामुळे सेंद्रिय ठरत नाही. प्रसाधनांसाठी कॉसमॉस, इकोसर्ट अशी परदेशी प्रमाणपत्रं असतात. विक्रेता नाव घेत असेल तर कागद मागा, आणि कागदावर त्याच उत्पादनाचं नाव आहे का बघा.

माझी कळकळ वेगळीच आहे. पावसाळ्यात कानांत, पंजांच्या बेचक्यांत, मानेखाली तेलकट, आंबूस वासाचं अंग घेऊन कुत्री येतात. ते बहुतेकदा मॅलेसेझिया यीस्ट, म्हणजे कातडीवरची एक बुरशी असते. तिथे कडुलिंबाचा शॅम्पू पुरत नाही. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन-मायकोनॅझोलचा (जंतू आणि बुरशी मारणारा) शॅम्पू दिला असेल तर तोच लावा, दहा मिनिटं घड्याळ लावून ठेवा आणि मग धुवा. 'आमच्याकडे फक्त नैसर्गिक' असा फलक लावून तो नाकारू नका. नुसती खाज असेल, जखम नसेल, तर बारीक दळलेल्या ओट्सचा शॅम्पू खरोखर चांगला.

गोचिडांचंही तसंच. सुवासिक तेलांच्या शॅम्पूने गोचीड ताप टळतो असं कोणाला सांगू नका. हा ताप कुत्र्याचा जीव घेतो. मानेवर फिप्रोनिल या गोचीड मारणाऱ्या औषधाचे थेंब टाकले असतील तर आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको, कारण ते औषध अंगावरच्या तेलातून पसरतं. वेळ ठरवतानाच मालकाला हे विचारत चला. तुम्ही मांजरं घेत असाल तर त्यांना टी ट्री आणि परमेथ्रिन हे कीटकनाशक दोन्ही वर्ज्य.

डिचोलीची_न्हाणी

मावशी, तुमचं वाचून उठले आणि आधी माझ्या पंपाची नळी काढून बघितली. होता थर. करडा. तीनही पंप कचऱ्यात टाकले आणि कालवून ठेवलेलं सगळं ओतलं, मोरीत, माडांना नाही.

विक्रेत्याला फोन केला. घटकांची यादी, पीएच आणि टिकवायला काय घातलंय, एवढंच विचारलं. यादी पाठवतो म्हणाला होता, दोन दिवस झाले, आली नाही. त्याला नको म्हणून कळवलं. दुसऱ्या ठिकाणाहून डेसिल ग्लुकोसाइडवाला एक लिटर मागवलाय, यादी छापलेली, फिनॉक्सीइथेनॉल आहे, सुवास नाही. पीएचच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळाल्या. माझ्या विहिरीच्या पाण्यात कालवून पट्टी बुडवली, पावणेसातच्या आसपासचा हिरवट रंग आला. जुन्या शॅम्पूत बुडवली तर निळीकडे गेली, म्हणजे सातच्या वर.

पर्वरीच्या बाईंना खरं तेच सांगितलं, की हा सौम्य आहे, ऑरगॅनिक म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, यादी दाखवलीत तेच पुरे. सासूबाईंना डोळ्यांचं सांगितलं, त्यांना लगेच पटलं.

काल संध्याकाळी आमच्या टिफीच्या पोटाला हातभर जागेवर लावून धुतलाय. आज सकाळपर्यंत लाली नाही, खाजवतही नाही. उद्या संध्याकाळी परत बघते आणि मगच तिला पूर्ण आंघोळ घालते. डॉक्टर, दहा मिनिटं शॅम्पू अंगावर ठेवताना कुत्रं चाटू नये म्हणून तुम्ही काय करता? गळ्यातला कोन घातला की माझ्याकडची दोन कुत्री थरथरायला लागतात.

पशुवैद्य_सत्तरी

कोन नको. चमच्याला दही लावून मालकाला समोर उभं करा आणि हळूहळू चाटवा. पहिली पाच मिनिटं सहज जातात, उरलेली पाच पोटाखाली हात ठेवून नुसतं बोलत राहायचं.